बॉनेटपाशी आणलेली ज्योत

माहूरच्या गडावरून ज्योत आणायचं ते आमचं पाचवं वर्ष होतं, आणि शेवटचं. नव्व्याण्णव सालची गोष्ट. माझे सासरे पुंडलिकराव, आमचे मामाजी, छातीच्या दुखण्यातून उठले, तेव्हा सासूबाईंनी देवीला नवस बोलला होता. पाच वर्षं घटस्थापनेला गडावरून पेटती ज्योत नालवाडीला घरी आणीन, वाटेत विझू देणार नाही. विझली तर काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आमच्या सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, मामाजींचा जीव आणि ती ज्योत एकाच वातीत वळून ठेवली होती. रस्त्यात वारा सुटला की त्या ज्योतीच्या कंदिलाकडे पाहत आणि मामाजींचं नाव न घेता पुटपुटत, "यायले घरी सुखरूप ठेवजो माय."

मामाजी दरवर्षी घरीच राहत. जीपचा प्रवास त्यांना झेपत नसे. सासूबाई, माझे यजमान गजेंद्र, धाकटा दीर पियुष आणि मी, असे चौघं जात असू. गाडी आमचीच, जुनी कमांडर. निघण्याआधी सासूबाई तिची पूजा करत. स्टिअरिंगला हळद-कुंकू, पुढे लिंबू-मिरची, आणि बॉनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना शेंदूर. गाडीचा जीव बॅटरीत असतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग जीव तिथं आहे तर शेंदूरही तिथंच. दरवेळी नवा थर. चार-पाच वर्षांत त्या खुंट्या म्हसोबासारख्या दिसायला लागल्या होत्या. हे कधी म्हणत, आई, तिथं तेलकट काही लावू नको. सासूबाई म्हणत, "तू चालवणारा, मी राखणारी. तुह्यं काम तू कर."

माझ्या मौनाचं इथंच सांगून टाकते. माहेरी आईनं लग्नाआधी दिलेला नेम होता. डोळे उघडल्यापासून उगवत्या सूर्याला अर्घ्य देईपर्यंत बोलायचं नाही. रोजचं. आजारपणातही. घरातल्यांना सवय झाली होती, चहात साखर हवी की नको ते मी बोटांनी विचारी. पियुष चिडवायचा, "वहिनीचं मौन चालू झालं, आता दादाचं राज्य." ते राज्य सूर्य उगवेपर्यंतचंच, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या वर्षी गडाखाली गाडी संध्याकाळपासून उभी होती. पियुषनं देवीच्या फोटोभोवती रंगीत दिव्यांची माळ लावली होती, ती गाडीच्याच बॅटरीवर. मध्यरात्रीनंतर निघताना गाडी सुरू होईना, तेव्हा उतारावर ढकलून सुरू केली. एकदा सुरू झाली तसे हे निश्चिंत झाले. पुढं यवतमाळ गेलं, कळंब गेलं, देवळी मागं पडली. मी मधे जरा डुलकी घेतली होती, जाग आली ती देवळीनंतर. म्हणजे माझं मौन सुरू झालेलं. बाहेर अजून अंधारच होता, पण पूर्वेकडे राखेसारखा रंग दिसत होता.

सासूबाईंच्या मांडीवर काचेच्या झडपेचा कंदील होता, त्यात पितळी दिवा, दिव्यात ज्योत. त्यांनी पाहिलं की तेल तळाशी गेलंय. आमच्याकडे ज्योतीत तेल घालायचं ते गाडी थांबवून, इंजिन बंद करून, पायांतल्या चपला काढून. यंत्राच्या थरथरीत देवीला तेल घालायचं नाही. पाचही वर्षं तसंच केलं होतं. यांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली फिरवली, इंजिन थांबलं. शांतता झाली. सासूबाईंनी तेल घातलं, ज्योत उंच झाली, आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

मग यांनी किल्ली फिरवली तर नुसतं टक् वाजलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. पुढचे दिवे लालसर होऊन मिणमिणायला लागले, ते यांनी लगेच बंद केले.

रस्ता तिथं थोडा चढाचा होता. पियुष, मी आणि सासूबाई (कंदील सीटवर ठेवून) अशा तिघांनी ढकलून पाहिलं. गाडी वीतभर हलली आणि परत मागं आली. यांनी मग ढकलणं थांबवलं. गाडी डांबरावरून पुरती खाली घेतली होती, चाकांमागं दगड लावले, आणि मागून येणाऱ्या ट्रकला दिसावी म्हणून बाभळीची एक फांदी तोडून रस्त्याच्या कडेला, बरीच मागं टाकली. सासूबाईंना गाडीपासून दूर, शेताच्या बाजूला बसवलं. कापलेल्या सोयाबीनचा वास येत होता. यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची बुचं सैल करून आत पाहायचा प्रयत्न केला. पाणी फार खाली गेलेलं वाटतं म्हणाले. टॉर्च मागितली. टॉर्च होती, पण तिचे सेल पियुषनं आरत्यांच्या कॅसेटसाठी टेपमध्ये घातले होते आणि ते गडावरच संपले होते. यांनी भावाकडे पाहिलं. पियुष म्हणाला, "देवीच्याच कामाले लागले नं सेल."

सासूबाई एकच विचारत होत्या. घटस्थापनेच्या वेळेपर्यंत पोचू का? हे म्हणाले, पोचू. मग यांनी विचारलं, ज्योतीला तेल आहे का पुरतं? आहे, सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात देवळीकडून एक सुमो आली आणि फांदी पाहून हळू झाली. ओमप्रकाशजी होते. देवळीत त्यांचं बियाण्याचं दुकान, आमची तिथं ओळख होती. दुकानातल्या घटासाठी वर्ध्याहून फुलं आणायला निघाले होते. तोंडात बिडी, गळ्यात मफलर. उतरल्या उतरल्या म्हणाले, "काऊन गजेंद्रभाऊ, देवीले इथंच बसवता का यंदा?"

हे हसले. ओमप्रकाशजींची स्वतःची गाडी वर्षातून चारदा बंद पडे, म्हणून त्यांच्याकडे जोडवायरी नेहमी असत, एक लाल, एक काळी, टोकांना मोठे चिमटे. त्यांनी सुमो आमच्या जीपच्या तोंडाशी आणून उभी केली, पण अंतर ठेवून. म्हणाले, गाड्यांनी एकमेकींना शिवायचं नाही, दोघी सोवळ्यात आहेत समजा. सुमो बंद केली, दिवेही बंद केले, वीज वाचावी म्हणून. मग बिडीचा शेवटचा झुरका घेऊन ती खाली टाकली, चपलेनं चांगली रगडली आणि पियुषला दम दिला. तो खिशातली काडीपेटी चाचपत होता.

"बॅटरीच्या तोंडातून गॅस निघते भाऊ. दिसत नाई. एक चिंगारी पुरे. आग जवळ आणायची नाई, समजलं का?"

पियुषनं काडीपेटी जीपच्या मागच्या सीटवर फेकली. ती रगडलेली बिडी माझ्या पायाशीच होती. मी पदर सावरून थोडी बाजूला झाले.

ओमप्रकाशजी बॅटरीवर वाकले आणि कपाळाला हात लावला. दोन्ही खुंट्या शेंदरानं माखलेल्या. लाल खूण कुठली, अधिकचं चिन्ह कुठलं, काही कळेना. म्हणाले, "दोन्हीकडं लाल करून ठेवलं. आता नवरा कोण अन् नवरी कोण, कसं ओळखायचं?"

सासूबाई दुरून म्हणाल्या, "जाड तो नवरा."

सगळे हसले, पण बरोबर तेच होतं. अधिकची खुंटी जराशी जाड असते. ओमप्रकाशजींनी बोटानं चाचपून पाहिली, शिवाय दुसऱ्या खुंटीची वायर थेट गाडीच्या लोखंडाला गेली आहे, तेही हातानं माग काढत पाहिलं. घाईत उलटं जोडलं तर दोन्ही बॅटऱ्या जातील, वर माणूसही, असं ते बोलत बोलत करत होते. लाल चिमटा आमच्या जाड खुंटीला. लालचं दुसरं टोक सुमोच्या अधिकला. मग काळा सुमोच्या उण्याला. आणि काळ्याचं शेवटचं टोक बॅटरीला नाही, तर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून जमेल तितकं लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडायला नको, म्हणून. खरंच एक बारीक निळी ठिणगी उडालेली मी पाहिली. मग त्यांनी सुमो सुरू केली आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवली, आमच्या बॅटरीत जरा जीव भरू दे म्हणाले.

जीव हा शब्द ऐकून सासूबाईंनी कंदिलाकडे पाहिलं.

यांनी जीपची किल्ली फिरवली. या वेळी टक् नव्हतं, एक लांब कण्हणं आलं आणि विरून गेलं. पुन्हा तेच. ओमप्रकाशजी म्हणाले, चिमटा धरत नाही, मधे शेंदराचा थर आहे. थांबा, आधी मी माझी गाडी बंद करतो, वायरी काढतो, मग खुंटी घासू. आणि ते सुमोच्या दाराकडे निघाले.

हे थांबले नाहीत. थर किती जाड आहे ते नुसतं पाहावं म्हणून जीपमधून उतरून बॉनेटखाली वाकले. नाक जवळजवळ बॅटरीला लागलेलं. आणि म्हणाले, "आई, उजेड दाखव जरा."

सासूबाई उठल्या. कंदिलाची झडप उघडली, आतला पितळी दिवा दांडीनं धरून बाहेर काढला. म्हणाल्या, "घे. खुद्द आईचा उजेड आहे."

त्या चालत आल्या. दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला धरलेला. मी त्यांना वाट दिली आणि हात जोडले. पियुषनं जोडले. ओमप्रकाशजी सुमोच्या दाराशी पोचले होते, त्यांनीसुद्धा डोक्यावरची टोपी काढून ज्योतीला नमस्कार केला. ज्यांनी बिडी रगडली होती, तेच. आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही की ही आग आहे. ज्योत म्हणजे ज्योत. आग ती बिडीची, काडीची, चुलीची.

सासूबाईंनी हात लांब केला. ज्योत बॉनेटखाली गेली आणि यांचा चेहरा उजळला. खाली पाहत असलेला, भुवया आवळलेल्या. मला तो चेहरा फार बरा वाटला, हे मला अजून आठवतं. मग माझी नजर खाली गेली. पायाशी ती चुरगळलेली बिडी होती.

मी ओरडले. काय ओरडायचं हे ठरवायला वेळ नव्हता. अहो म्हटलं असतं तर यांनी नुसतं हूं केलं असतं, मान वर केली नसती. तोंडातून आलं ते नाव.

"गजेंद्र!"

लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर कधी नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं ऐकत मोठी झालेली मी. आणि सूर्य उगवलेला नव्हता.

यांनी मान वळवली. पूर्ण वळवली, माझ्याकडे, अगदी चकित होऊन, जणू दुसऱ्याच कुणी बाईनं हाक मारली. तेवढ्यात बॅटरी फुटली.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. मोठं कोरडं लाकूड एका घावात दुभंगावं तसा होता. बॅटरीचं झाकण बॉनेटला आपटून खाली आलं. मग क्षणभर काहीच ऐकू येईना. सुमो चालू होती, तरी ऐकू येईना. यांनी दोन्ही हात डाव्या बाजूला धरले होते, कान, मान, डोळा. सासूबाई तशाच उभ्या, हात पुढे केलेला, पण हातात दिवा नव्हता. दिवा रस्त्याच्या कडेला ओल्या मातीत पडला होता, उलटा.

मी धावले. यांच्या अंगाला असा वास येत होता जो मी आधी कधी घेतला नव्हता, आंबट, घशात रुतणारा. हे म्हणाले, डोळ्यात गेलं. फार हळू आवाजात म्हणाले, तो हळू आवाजच मला सहन होईना.

ओमप्रकाशजींचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी सुमो बंद केली, मग वायरी उलट क्रमानं काढल्या, आधी लोखंडावरची काळी, आणि तेवढ्यात ओरडून सांगितलं की चोळू नका, पाणी ओता, ओतत राहा. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचा एक कॅन होता. मी यांना खाली बसवलं, डोकं डावीकडे कलतं केलं, पापणी बोटांनी उघडी धरली आणि पियुष ओतायला लागला. उजव्या डोळ्यात ओघळ जाऊ नये म्हणून तो डोळा मी तळव्यानं झाकला. हे कण्हत होते. कॅन संपला.

संपला तसा पियुष माझ्याकडे पाहायला लागला. रिकामा कॅन हातात. जवळ विहीर नाही, घर नाही.

सासूबाई जीपकडे गेल्या. पुढच्या सीटवर तांब्याचा मोठा कलश होता, गडावरच्या कुंडातलं तीर्थ, घटासाठी आणलेलं. वर आंब्याची पानं, नारळ, लाल फडक्यानं बांधलेलं. पाच वर्षांत त्या कलशाला पियुषनं हात लावला तरी त्या ओरडत. त्यांनी फडकं ओढून काढलं, नारळ जमिनीवर ठेवला, ठेवला म्हणजे टाकलाच, आणि सगळं तीर्थ मुलाच्या डोळ्यावर धारेनं ओतलं. एक थेंबसुद्धा मागं ठेवला नाही.

ओमप्रकाशजींच्या गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या, त्या मी हातात घेतल्या. त्यांनी आम्हाला सुमोत बसवलं. पियुष जीपपाशी थांबला. सावंगीचा दवाखाना तिथून फार लांब नव्हता, पण ओमप्रकाशजी सारा रस्ता एकच वाक्य बोलत होते, "मी बिडी विझवली होती. मी बिडी विझवली होती." मी पाणी ओतत होते. यांचा सदरा खांद्यावर भोकं पडून गळायला लागला होता.

सासूबाई मागं बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. दिव्याबद्दल बोलल्या नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची बोटं भाजली होती, त्याबद्दलही नाही.

सावंगीला यांना आत नेलं. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. ओमप्रकाशजी नालवाडीला मामाजींना आणायला गेले. एक परिचारिका सासूबाईंच्या बोटांना मलम लावून गेली, त्यांना कळलंही नसावं. खिडकीतून ऊन आलं आणि बाकावर पसरलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सूर्य उगवून गेला. मी अर्घ्य दिलं नव्हतं. द्यायला पाणीही नव्हतं, सगळं पाणी संपलं होतं.

मग सासूबाई म्हणाल्या, "सुलोचना, घरी यायले काही झालं तर नसन?"

आत मुलगा डोळा धरून पडलेला, आणि त्या नवऱ्याबद्दल विचारत होत्या. नंतर माझ्या लक्षात आलं, त्यांच्या हिशेबात दोघंही एकाच पहाटे गेले होते. एक त्यांच्या हातातल्या दिव्यानं भाजला, दुसरा तो दिवा विझल्यानं. त्या वाट पाहत होत्या ती फक्त ऐकायची. ओमप्रकाशजी परत येतील, एकटे येतील, आणि टोपी काढतील.

डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. तरुण होते. म्हणाले, कान आणि मान भाजली आहे, डाग राहील. डोळ्याला इजा आहे पण वरवरची. चेहरा समोर असता तर दोन्ही डोळे गेले असते. आणि पाणी लगेच ओतलं, ते फार चांगलं केलं, नाही तर हा डावा डोळाही राहिला नसता. कुठलं पाणी होतं, असं त्यांनी सहज विचारलं. मी म्हणाले, होतं ते.

यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजव्या डोळ्यानं यांनी मला शोधलं. म्हणाले, "नाव घेतलं का वं तू माह्यं?"

मी मान हलवली. सवयीनं, नुसती मान.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवरून मामाजी चढत होते. एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. मागं ओमप्रकाशजी, त्यांचं सामान घेऊन. मामाजी दर दोन पायऱ्यांनी थांबत होते, नेहमीसारखे. सदऱ्याची वरची गुंडी उघडी, नेहमीसारखी.

सासूबाई जागीच थांबल्या. मी त्यांचा दंड धरला, त्या पडतील असं वाटलं. त्या मामाजींकडे अशा पाहत होत्या जसं कुणी स्वतःच्या घराचं दार अनोळखी गल्लीत पाहावं. मामाजी वर आले, दम घेतला, म्हणाले, "पोरगा कसा आहे?"

मलम लावलेला हात सासूबाईंनी पुढे केला, मामाजींच्या छातीवर ठेवला, उघड्या गुंडीपाशी. सदऱ्याला पिवळा डाग पडला. त्या काहीतरी मोजत असाव्यात तशा थांबल्या. मग त्यांनीही ते केलं.

"पुंडलिकराव," त्या म्हणाल्या.

मामाजींनी चमकून पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग ओमप्रकाशजींकडे, जणू साक्षीला.

"जित्ता आहो न वं मी," ते म्हणाले. "काऊन अशी पाह्यतं?"

"ज्योत इझली," सासूबाई म्हणाल्या.

"इझली तं इझली. घरी काडीपेटी नाई का?"

सासूबाई बाकावर बसल्या आणि तेव्हा कुठं रडल्या. मामाजींनी थर्मासचं झाकण काढलं, त्यात चहा ओतला आणि त्यांच्या न भाजलेल्या हातात दिला. घट बसेपर्यंत सासूबाईंचा निर्जळी उपास होता. तरी त्यांनी घेतला, दोन घोट.

घट दुपारी बसला. यांना दवाखान्यात ठेवलं होतं, मामाजी त्यांच्याजवळ राहिले. पियुष तो पितळी दिवा घेऊन आला होता, मातीतून उचलून, रस्त्यात कुठंतरी धुऊन. सासूबाईंनी त्यात तेल घातलं, वात घातली, देवघरासमोर बसल्या आणि काडीपेटी हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. भाजलेल्या बोटांनी काडी ओढता येईना. किंवा दुसरं काही असेल.

मी त्यांच्या हातातून काडीपेटी घेतली. काडी पेटवली. त्या झटकन मागं सरकल्या, इतक्या की पाठ भिंतीला लागली. माझाही हात थबकला होता. ती एवढीशी ज्योत आम्ही दोघी पाहत राहिलो, ती काडीवरून खाली सरकत माझ्या बोटांपर्यंत येत होती.

मी ती वातीला लावली.

सासूबाईंनी बऱ्याच वेळानं हात जोडले. दिव्याकडे पाहतच म्हणाल्या, "उद्या पहाटे तुह्यं मौन नको धरू वं. बोलत जाजो."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. अंगणात तांब्या घेऊन उभी राहिले. घरात कुणी जागं नव्हतं, बोलायला कुणी नव्हतं. तरी मी एकदा यांचं नाव घेतलं, हळू, आणि मग पाणी सोडलं.